गोठ्यातल्या वेल्डिंग मशीनसाठी लाइन टाकताना

पूर्वी गावात वेल्डिंगचं दुकान एखादंच असायचं. ट्रॉलीचा हुक तुटला, गेटची बिजागरी निसटली की तिथं जाऊन नंबर लावायचा. आता एका हाताने उचलता येईल असं इन्व्हर्टर मशीन मिळतं आणि शेतकऱ्याच्या घरात पाना-पक्कडीच्या शेजारी येऊन बसलंय. ही फार चांगली गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं. आपलं लोखंड आपण जोडता येणं म्हणजे हंगामाच्या ऐन घाईत कुणाच्या दारात ताटकळावं लागत नाही. फक्त ते मशीन घरात आलं की पहिला प्रश्न येतो, आणि तो माझ्याकडे येतो, कारण मी आयटीआयला वीजतंत्रीचा ट्रेड केला, साताऱ्याच्या एमआयडीसीत मेन्टेनन्सला होते आणि आता फलटणला राहून वायरिंगची कामं घेते. प्रश्न असा: "ताई, घरातल्या पॉवरच्या प्लगला चालेल ना?"

यावर "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात मी कधीच सांगत नाही. परवा धाकट्या भावाने मशीन आणलं. त्याला गायींसाठी पाइपांचा मुक्त गोठा करायचा होता. त्याच्यासाठी टाकलेली लाइन इथे सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तर कुठून काढायचं ते कळेल.

मशीनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत "२००" छापलेलं होतं. भावाचा हिशेब सरळ होता: २०० अँपिअरचं मशीन आहे, तर लाइन दणकट पाहिजे, ४० अँपिअरचा एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच) टाकून दे. दुकानदाराने मात्र त्याला सांगितलं होतं की कंपनीने १६ अँपिअरचा थ्री-पिन टॉप लावूनच दिलाय, तेव्हा कुठेही लावा. दोन्ही गोष्टी मशीन बघून सुचलेल्या. खांबावरून मीटरपर्यंत काय येतं, मीटरपासून गोठ्यापर्यंत किती वायर जाणार आणि गोठ्यात नक्की किती जाडीचं लोखंड जोडायचंय, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नव्हतं.

आधी त्या २०० चं बघू. तो आकडा रॉडकडे जाणाऱ्या करंटचा आहे. तिथे व्होल्टेज अगदी कमी असतं. हाताने करायच्या आर्क वेल्डिंगसाठी (आर्क म्हणजे रॉड आणि लोखंडामधली विजेची ज्योत) मशीनच्या स्टँडर्डमध्ये एक सोपं सूत्र आहे: २० व्होल्ट, अधिक करंटच्या ०.०४ पट. म्हणजे १०० अँपिअरला २४ व्होल्ट आणि २०० अँपिअरला २८ व्होल्ट. भिंतीतून येतात २३० व्होल्ट, त्यामुळे भिंतीतून ओढला जाणारा करंट रॉडच्या करंटपेक्षा बराच कमी. तो किती, हे मशीनच्या मागच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. "आय वन मॅक्स" आणि "आय वन इफेक्टिव्ह" अशा दोन ओळी शोधायच्या: पहिली भिंतीतून जास्तीत जास्त ओढल्या जाणाऱ्या करंटची, दुसरी वायर तापण्याच्या हिशेबाची. भावाच्या मशीनवर पहिला आकडा ४१ होता, दुसरा २६, आणि शेजारी ड्यूटी सायकल, म्हणजे दर दहा मिनिटांत किती वेळ आर्क चालवता येतो त्याचं प्रमाण, ४० टक्के. हे दोन आकडे एकमेकांना बांधलेले आहेत. ४१ ला ०.४ च्या वर्गमुळाने गुणलं की २६ येतात. मशीन पूर्ण जोरात चालवलं तर दर दहा मिनिटांत चार मिनिटं आर्क आणि सहा मिनिटं विश्रांती, असं धरून वायर सरासरी जितकी तापेल तितकी तापवणारा तो करंट. ज्या पट्टीवर हे दोन्ही आकडे नाहीत, फक्त "२०० अँप" असं चमकदार स्टिकर आहे, ते मशीन घेऊ नका. एवढं माझं ऐकाच.

ड्यूटी सायकल ४० अंश तापमानाला मोजलेली असते, हेही लक्षात ठेवा. फलटणला एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली पारा त्याच्या वर जातो. तेव्हा मशीन लवकर तापून आपोआप थांबलं तर त्यात बिघाड नाही. सावलीत ठेवायचं आणि पंखा फिरू द्यायचा.

आता काम काय, ते बघू. गोठ्याला दीड इंची मध्यम जाडीचा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप होता. त्याची भिंत ३.२ मिलिमीटरची. त्याला १२ नंबरचा, म्हणजे अडीच मिलिमीटरचा रॉड ८० च्या आसपास चालतो आणि खांबाच्या बुडाच्या प्लेटला १० नंबरचा, म्हणजे ३.१५ चा रॉड १०० ते ११० वर. यापलीकडे या घरात काम नाही. ११० अँपिअरला सूत्राने २४.४ व्होल्ट, म्हणजे आर्कमध्ये सुमारे २.७ किलोवॅट. मशीनमध्ये थोडी वीज उष्णता होऊन जाते, म्हणून भिंतीतून सव्वातीन किलोवॅटच्या आसपास घेतले जातात. इथेच बरेचजण गफलत करतात: सव्वातीन किलोवॅटला २३० ने भागतात, १४ अँपिअर काढतात आणि १६ च्या प्लगवर खूश होतात. या स्वस्त इन्व्हर्टर मशीनचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खऱ्या कामाला किती लागतो त्याचं प्रमाण) ०.७ च्या जवळपास असतो. तो धरला की करंट २० अँपिअरवर जातो. संध्याकाळी व्होल्टेज २०० ला आलं तर २३ वर. व्होल्टेज पडलं की बल्ब कमी करंट घेतो, पण इन्व्हर्टर मशीन रॉडकडची ताकद टिकवायला उलट जास्त करंट ओढतं. खेड्यातल्या लाइनवर हा फरक रोज अनुभवायला मिळतो.

तर १६ अँपिअरच्या प्लगचं उत्तर मिळालं. १२ नंबरच्या रॉडने ८० वर एखादी पट्टी जोडायची असेल तर करंट १४ च्या आत राहतो. प्लग चांगल्या कंपनीचा आणि आतली वायर किमान अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची) असेल, तर तेवढं काम निभतं. १० नंबरचा रॉड लावून गोठा उभा करायचा असेल तर निभत नाही. एमसीबी पडला नाही तरी सॉकेटच्या पितळी पट्ट्या तापतात, त्यांची पकड ढिली पडते, ढिली पडली की आणखी तापतात, आणि मग प्लास्टिक पिवळं पडून जळका वास येतो. मुलीच्या अभ्यासाच्या खोलीतल्या भिंतीत हे घडावं असं कुणाला वाटेल?

मग ४० चा एमसीबी का नको? यासाठी मी भावाला मीटरजवळ उभं केलं. मीटरच्या तोंडावर "५-३०" असं छापलेलं आहे. म्हणजे ते मीटर जास्तीत जास्त ३० अँपिअरसाठी बनवलेलं. त्यामागे मेन ३२ चा. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर अॅल्युमिनियमची. आणि बिलावर मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने मान्य केलेली किलोवॅटची मर्यादा, घरगुती वापरापुरता, जेमतेम. हे मशीन २०० वर लावलं तर एकटंच ४१ अँपिअर मागणार, आणि त्यात फ्रीज, पंखे, पाण्याची मोटर वेगळी. गोठ्याच्या लाइनवर ४० चा एमसीबी टाकला तर तो पडणारच नाही, मेन पडेल. नाहीतर त्याआधी मीटरचा टर्मिनल किंवा खांबावरचा सांधा तापेल. आपल्या घरात किती मोठी लाइन टाकता येते, हे मीटरच्या पट्टीवरून आणि मंजूर भारावरून ठरतं. मशीनच्या खोक्यावरून ठरत नाही.

एमसीबीचं काम वायर वाचवायचं. मशीनची ताकद वाढवणं त्याच्या हातात नाही. म्हणून क्रम असा धरायचा: कामाला लागणारा करंट काढा, तो मीटर आणि मेनच्या आत बसतो का बघा, त्याच्या वरचा जवळचा एमसीबी घ्या, आणि वायर, सॉकेट, प्लग, मशीनची केबल हे सगळं त्या एमसीबीच्या आकड्याएवढं किंवा त्याहून मोठं ठेवा. एमसीबी वारंवार पडतोय म्हणून वायर तीच ठेवून मोठा एमसीबी बसवणं, ही मला घराघरांत दिसणारी सगळ्यात घातक सवय आहे. अडीच एमएमच्या वायरवर ४० चा एमसीबी पाहिला की मी आधी मेन बंद करते, मग बोलते.

भावाच्या लाइनला मी २५ अँपिअरचा, सी कर्व्हचा एमसीबी घेतला. सी कर्व्ह का, तर मशीन चालू करताना आतले कपॅसिटर भरायला क्षणभर झटका बसतो, तो बी कर्व्हला सोसत नाही. बी तीन ते पाच पट करंटला झटक्यात पडतो, सी पाच ते दहा पटीला, डी दहा ते वीस पटीला. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीनला डी कर्व्ह लावायची पद्धत आहे, पण त्याचं दुखणं पुढे अर्थिंगमध्ये येईल. आता २५ च्या एमसीबीवर मशीन कुणी २०० वर नेलं तर काय होईल? काही मिनिटांत एमसीबी पडेल. तो तसाच पडायला हवा. या घराची तेवढी वीज घेण्याची ऐपत नाही, आणि तीन मिलिमीटरच्या पाइपाला तेवढा करंट दिला तर पाइपाला भोकच पडेल.

भावाने मोबाइलवर एक अमेरिकन व्हिडिओ दाखवला. त्यात ५० अँपिअरचा जाडजूड प्लग होता आणि वेल्डरच्या लाइनला वायर एमसीबीपेक्षा बारीक चालते, असं तो माणूस सांगत होता. तो खोटं सांगत नव्हता. त्यांच्या नियमावलीत वेल्डरसाठी तशी वेगळी सवलत आहे, कारण तिथे ड्यूटी सायकल धरून वायर काढतात आणि ती लाइन त्या एकाच वेल्डरची असते. आपल्याकडे त्याच सॉकेटवर उद्या कडबाकुट्टी लागते, परवा पाण्याची मोटर. ती सवलत इकडे आणू नका. शिवाय तिकडे घरात १२० आणि २४० अशी दोन व्होल्टेज येतात, सगळी मांडणीच वेगळी.

आता केबल. डीबीपासून, म्हणजे घरातल्या एमसीबींच्या पेटीपासून, गोठ्याच्या भिंतीपर्यंत ३५ मीटर अंतर भरलं. करंट जातो आणि परत येतो, म्हणून हिशेब ७० मीटरचा. अडीच एमएम तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम, चारचा ४.६, सहाचा ३.१. पंचवीस अँपिअरला अडीचच्या वायरमध्ये १३ व्होल्ट जातात, चारमध्ये ८ आणि सहामध्ये साडेपाच. शहरात, जिथे २३५ व्होल्ट येतात, तिथे चारची वायर मी बिनधास्त घेतली असती. इथे संध्याकाळी २०० च्या खाली जाणारी लाइन आहे, तिथे आणखी ८ ते १३ व्होल्ट वाटेत घालवायचे म्हणजे आर्क तुटत राहणार, रॉड चिकटत राहणार, आणि भाऊ मशीनला नावं ठेवणार. म्हणून सहा एमएमची तीन कोअरची, म्हणजे आत तीन तारा असलेली, तांब्याची आर्मर्ड (वरून लोखंडी चिलखत असलेली) केबल घेतली. दहा एमएमची अॅल्युमिनियमची केबल रोधाच्या हिशेबात सहाच्या तांब्याइतकीच भरते आणि स्वस्त पडते. ती घ्यायला हरकत नाही, पण टोकांना तांबं-अॅल्युमिनियमचे योग्य लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायच्या टोप्या), ते दाबायचं हत्यार आणि ते वापरणारा हात पाहिजे. पक्कडीने चेपलेला अॅल्युमिनियमचा सांधा पहिल्या पावसाळ्यानंतर तापायला लागतो.

केबल अडीच फूट खोल चरात, खाली-वर वाळू आणि वर विटा अशी पुरली. ट्रॅक्टर जाणार तिथे पाइपातून नेली. आर्मरला दोन्ही टोकांना ग्लँड लावून अर्थला जोडलं. लांब अंतरासाठी लोक गुंडाळीचा एक्स्टेन्शन बोर्ड वापरतात, त्याबद्दल एवढंच सांगते: वापरायचाच असेल तर पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर जाऊ शकत नाही, आतल्या वेढ्यांचं इन्सुलेशन वितळून एकमेकांना चिकटतं, आणि वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.

सॉकेट ३२ अँपिअरचं, निळ्या रंगाचं, झाकणवालं इंडस्ट्रियल घेतलं आणि ते गोठ्याच्या बाहेरच्या भिंतीवर, पत्र्याच्या वळचणीखाली, छातीएवढ्या उंचीवर बसवलं. आत नको, कारण गोमूत्राच्या वाफा तांब्या-पितळेला खातात, आणि कडब्याच्या गंजीजवळही नको, कारण ठिणगी कुठे उडेल सांगता येत नाही. मशीनचा १६ चा टॉप कापून ३२ चा प्लग लावायचा होता, पण त्याआधी मशीनच्या स्वतःच्या केबलवर काय छापलंय ते बघितलं. ती अडीच एमएमची होती. ३२ चा प्लग बारीक केबलला लावला की बघणाऱ्याला ती केबलही ३२ ची वाटते, म्हणून तिच्या जागी चार एमएमची तीन कोअरची फ्लेक्सिबल केबल टाकली. ज्यांना वॉरंटी सांभाळायचीय त्यांनी हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून करून घ्यावं.

इथपर्यंतचं सगळं पैशाने आणि हिशेबाने सुटतं. अर्थिंगचं मात्र लोकांना पटवून द्यावं लागतं, म्हणून तिथे जरा थांबते.

आमच्याकडे खांबावरून फेज आणि न्यूट्रल येतात, अर्थिंग आपलं आपण करायचं असतं. घरामागे खड्डा, त्यात पाइप, कोळसा, मीठ, आणि उन्हाळ्यात दोन बादल्या पाणी. समजा हे अर्थिंग उत्तम आहे आणि टेस्टरने मोजल्यावर ५ ओहम भरतं. आता मशीनच्या आतली फेजची वायर सुटून पत्र्याच्या बॉडीला चिकटली. अर्थमधून किती करंट जाईल? २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. खरंतर त्याहूनही कमी, कारण ट्रान्सफॉर्मरच्या बाजूच्या अर्थिंगचा रोध त्यात मिळवायचा असतो. २५ अँपिअरच्या सी कर्व्हला झटक्यात पडायला कमीत कमी १२५ अँपिअर लागतात, तर कधी अडीचशे. ४६ ला तो पडेल, पण मिनिटं लागतील. तितकी मिनिटं मशीनचं हँडल, त्याला टेकलेलं लोखंड, सगळं जिवंत राहील. डी कर्व्ह असता तर अडीचशे ते पाचशे अँपिअर लागले असते. अर्थिंग करूनही आणि एमसीबी असूनही माणसं शॉक लागून का जातात, त्याचं उत्तर या भागाकारात आहे.

म्हणून आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो का, एवढंच तो बघतो. ३० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या शंभराव्या भागाचे तीन, जरी वाटेत गळाले तरी सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत लाइन तोडतो. गोठ्याच्या लाइनवर मी ४० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरचा, टाइप ए चा दोन पोलचा आरसीसीबी टाकला. टाइप ए अशासाठी की मशीनच्या आत एसीचं डीसी होतं आणि तिथून गळणारा करंट साध्या टाइप एसीच्या आरसीसीबीला नीट ओळखता येत नाही. आरसीसीबी ओव्हरलोड बघत नाही, म्हणून एमसीबी त्याच्या जोडीला हवाच. त्यावरचं "टेस्ट" लिहिलेलं बटण दर महिन्याला दाबायचं. पडला तर ठीक, नाही पडला तर त्या दिवशी मशीन लावायचं नाही. वहिनीला ते बटण मी स्वतः दाखवलं, कारण घरात रोज असणारी तीच.

एक गोष्ट आरसीसीबीच्या हद्दीबाहेरची आहे. रॉडच्या बाजूची वीज मशीनच्या आत ट्रान्सफॉर्मरने वेगळी केलेली असते. ओल्या हाताने रॉड बदलताना होल्डरमधून झटका बसला, तर आरसीसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आर्क पेटलेला नसताना तिथे साठ-सत्तर व्होल्ट उभे असतात. घामाने निथळणाऱ्या, लोखंडावर बसलेल्या माणसाला तेवढे पुरेसे आहेत. कोरडे चामडी हातमोजे, कोरडा बूट, आणि गोठ्याची फरशी धुतल्यावर लगेच वेल्डिंग नाही.

गायींच्या बाबतीत तर मी भावाला हात जोडून सांगितलं. गाय ओल्या जमिनीवर उघड्या खुरांनी उभी असते, पुढच्या आणि मागच्या पायांत मीटरभराहून जास्त अंतर असतं, आणि आपल्याला जाणवणारही नाही इतकं व्होल्टेज तिला जाणवतं. वेल्डिंग चालू असताना एकही जनावर त्या पाइपांना बांधलेलं नको, आत नको, पाण्याच्या हौदालाही नको. आधी सोडायचं, लांब झाडाखाली बांधायचं, मग मशीन चालू. खांब-पाइप सगळे एकमेकांना आणि अर्थला जाड पट्टीने जोडून घेतले. गोठ्याजवळ एक नवीन अर्थिंगचा खड्डा घेऊन तो घराच्या अर्थला केबलमधल्या तिसऱ्या कोअरने बांधला.

अर्थ जोडला की क्लँपची, म्हणजे मशीनच्या दुसऱ्या केबलच्या टोकाला लोखंडाला लावायच्या चिमट्याची, जबाबदारी वाढते. क्लँप ज्या तुकड्याला जोड द्यायचाय त्याच तुकड्याला, जोडाच्या जितका जवळ तितका, आणि तिथला गंज-रंग घासून लावायचा. क्लँप एका खांबाला आणि रॉड दुसऱ्याच पाइपावर, असं केलं आणि मधला सांधा कच्चा निघाला, तर शंभर अँपिअर परत येताना दुसरी वाट शोधतात. ती वाट बहुतेक वेळा अर्थची हिरवी वायर असते. ती वायर आत जळते, बाहेरून कुणाला दिसत नाही, आणि ज्या दिवशी खरी गरज लागेल त्या दिवशी अर्थ नसतो. मोटरपंपाच्या बॉडीला क्लँप अडकवून शेजारचं काहीतरी जोडणं मी पाहिलंय. ते कुणी करू नये.

दोन प्रकार तर गुन्हाच समजावेत. एक, न्यूट्रल नाही म्हणून अर्थलाच न्यूट्रल करून मशीन चालवणं. अशाने त्या अर्थिंगला जोडलेल्या घरातल्या सगळ्या उपकरणांच्या बॉड्या जिवंत होऊ शकतात. दुसरा, मिठाच्या पाण्याची बादली घेऊन मशीनशिवाय थेट फेजवरून वेल्डिंग करणं. त्याचे व्हिडिओ फिरतात आणि पोरं करून बघतात. त्यात होल्डरपासून खांबापर्यंत मध्ये काहीच नसतं, पूर्ण २३० व्होल्ट हातात असतात. घरात कुणी हे बघत बसलेलं दिसलं तर मोबाइल हातातून काढून घ्या.

जीआय पाइपाबद्दल, विषय थोडा बाजूचा असला तरी लिहितेच. त्यावरचा जस्ताचा थर जळला की पांढरा धूर निघतो आणि रात्री थंडी वाजून ताप येतो. वेल्डिंगवाले दूध पितात, गूळ खातात, तरी धूर छातीत गेला तो गेलाच. जोडाच्या दोन्ही बाजूंचा थर ग्राइंडरने काढा, वाऱ्याकडे पाठ करून बसा, आणि काम झाल्यावर तिथे झिंकचा रंग मारा.

लाइन झाल्यावर पहिल्या दिवशी मी मीटर घेऊन बसले आणि भावाने रॉड पेटवला. दुपारी डीबीत २२४ व्होल्ट होते. ११० वर १० नंबरचा रॉड चालू असताना डीबीत २१७ आणि गोठ्याच्या सॉकेटला २१२. म्हणजे आपल्या केबलमध्ये ५ व्होल्ट गेले, हिशेबाप्रमाणे. डीबीच्या आधीचे ७ व्होल्ट सर्व्हिस वायर आणि बाहेरच्या लाइनचे. हा फरक पंधरा-वीस असता तर मी खांबावरचा सांधा तपासून घ्यायला सांगितलं असतं. करंट २१-२२ अँपिअर. करंट मोजायला ट्रू आरएमएसचा क्लँपमीटर लागतो. या मशीनचा करंट टोकदार झटक्यांनी येतो, साधा क्लँपमीटर तो कमी दाखवतो आणि आपण निर्धास्त होतो. पाठोपाठ रॉड जाळून झाल्यावर एमसीबीचे स्क्रू, न्यूट्रल लिंक आणि सॉकेटचा मागचा भाग हाताने नाही, तर तापमापकाने बघितला. कोमट होता, त्याहून जास्त नाही. महिन्याभराने सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळायचे, कारण नवीन तांबं दाबाखाली थोडं बसतं.

घरासाठी नियम एकच केला: वेल्डिंग चालू असताना गीझर आणि पाण्याची मोटर बंद. २२ अँपिअर मशीनचे, गीझरचे दहा-बारा आणि मोटरचे सहा-सात मिळवले की ३० चं मीटर मागे पडतं. आणि ही लाइन घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर जाणार नाही, हे डीबीतच बघून घ्यायचं.

ज्यांच्याकडे जुनं तांब्याच्या वेढ्यांचं, दोन फेजवर चालणारं ट्रान्सफॉर्मर मशीन आहे, त्यांनी ते सिंगल फेजच्या घरात आणूच नये. ते ४१५ व्होल्ट मागतं. तीन फेजचं कनेक्शन असेल तर तिथे न्यूट्रलचा स्क्रू दर वर्षी तपासा. तो सुटला तर एखाद्या फेजवरच्या टीव्ही-फ्रीजला चारशेच्या घरात व्होल्टेज जाऊ शकतं.

आणि मंजूर भार. केबल पुरण्याच्या आधी भावाला महावितरणकडे अर्ज करायला लावून तो वाढवून घेतला. मीटरच्या क्षमतेत बसत असेल तर त्यात अवघड काही नसतं. घरातली, गोठ्यातली आपली कामं त्यात बसतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांची कामं पैसे घेऊन करायला लागलात तर घरगुती कनेक्शन चालत नाही. ज्या कामासाठी वीज दिली ते सोडून दुसऱ्या कामाला वापरली की वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली वाढीव आकारणी होते. भावाच्या गल्लीतल्या दोघांनी त्याला गेट करून देतोस का म्हणून आत्ताच विचारलंय. त्याला मी सांगितलंय, आधी वेगळं कनेक्शन घे, तेही तीन फेजचं, मग पाटी लाव. त्या दिवशी ४० चा एमसीबीही मीच बसवून देईन.